कंसातला ‘हौ’

अन्याय अक्कावर झाला. हैदराबादेत बोनालूच्या जत्रेच्या रविवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. येत्या आषाढात त्याला तीन वर्षं होतील. वेळ मला पक्की माहीत आहे, कारण मी तिच्या समोर बसले होते आणि तिच्या फोनवर आलेली ओळ तिनं मलाच वाचायला लावली होती. चष्मा घरी विसरली होती ती. ‘तुम्हाला खेळातून काढण्यात आले आहे.’ नारायणगुड्याच्या त्या चहाच्या हॉटेलाबाहेरून डोक्यावर घट घेतलेल्या बायका चालल्या होत्या, ढोल इतके जोरात वाजत होते की बशीतला चमचा हलत होता. पहिल्यांदा तिला ऐकूच आलं नाही. मला ती ओळ दुसऱ्यांदा, ओरडून वाचावी लागली. शेजारच्या टेबलावरच्या माणसांनीसुद्धा ऐकली.

खेळ कसला, ते आधी सांगते. ऑनलाइन खेळ म्हटलं की लोकांना बंदुका दिसतात. आमच्या खेळात चित्रच नव्हतं. नुसतं लिहायचं. नदीकाठचं एक कल्पित शहर होतं. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि त्याचं वागणं-बोलणं लिहीत जायचं. तुम्ही लिहिता की तुमचा न्हावी दुकान उघडतोय. मी लिहिते की माझी बाई त्याच्या दारात येऊन उभी राहिली. तिसरा येऊन त्यात काहीतरी भानगड करतो. अशी गोष्ट पुढे सरकते. पुणे, नागपूर, बेळगाव, इंदूर, कुठली कुठली माणसं होती, आणि सगळं मराठीत. मी शाळेत तेलुगू लिहिली, हिंदी लिहिली. मराठी मी फक्त आईच्या ओरडण्यातून शिकले होते. त्या शहरात मी आयुष्यात पहिल्यांदा ‘ळ’ लिहिला. फोनवर तो कुठे असतो ते शोधायला मला दहा मिनिटं लागली होती.

आम्ही हैदराबादचे तिघं होतो. एक मी, मलकपेठेतली. बसथांब्यावर सावली द्या, वसतिगृहात पाणी द्या, अशी पत्रकं लिहून वाटणारी. दुसरे एक तरुण वकील, ज्यांच्या घरात तीन पिढ्या वकिलीच चालली होती. आणि तिसरी व्यक्ती जी होती, ती इतकं रुबाबदार लिहायची की आम्हाला दोघांनाही ते मिशा राखणारे कुणी निवृत्त गृहस्थ वाटायचे.

पहिल्याच महिन्यात खेळाच्या चालकांनी आम्हाला लिहिलं, ‘तुमच्या मराठीला जरा वेगळा बाज आहे. खलपात्रं घ्या ना तुम्ही. शोभतील.’

वेगळा बाज! म्हणजे नायकानं ‘नको’ म्हणायचं आणि गुंडानं ‘नक्को’. आमच्या घरात चार पिढ्या जी भाषा बोलली गेली, ती म्हणे खलनायकाला शोभते. मी तिथल्या तिथे निषेधाचं पत्र लिहायला घेतलं. वकील म्हणाले, माझी सही धरा. तेवढ्यात त्या तिसऱ्या व्यक्तीचा निरोप आला: ‘निषेध राहू दे. देताहेत तर घेऊन टाका. चांगली कामं नेहमी खलनायकालाच असतात.’ आणि खाली, ‘रविवारी भेटू या. मी नारायणगुड्याला असते.’

असते! आम्ही दोघं तो शब्द बघत बसलो.

रविवारी हॉटेलात आलेली बाई पन्नाशीची होती. सरकारी कचेरीत जावक विभागात सगळी नोकरी काढलेली, म्हणजे बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदावर क्रमांक घालायचा, शिक्का मारायचा आणि पाठवायचा. पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात घरचे सकिनालू, तांदळाच्या पिठाच्या कडक चकल्या. ते तिनं बशीत ओतले आणि म्हणाली, “खावा. दात चांगले आहेत ना दोघांचे?” वकिलांनी तिला मॅडम म्हटलं. तिनं नुसतं बघितलं. संध्याकाळपर्यंत ती आमची अक्का झाली होती.

तिचं पात्र म्हणजे मुहाफिज. तिच्या आजोबांच्या काळात सरकारी दप्तरखाना सांभाळणाऱ्याला असं म्हणत. तिचा मुहाफिज तलवार धरत नव्हता, विष घालत नव्हता. शहराची एक मोठी नोंदवही त्याच्याकडे होती. त्यातून त्यानं एखादं नाव काढलं की ते माणूस कुणाला आठवेनासं व्हायचं. बायको दार उघडून विचारायची, आपण कोण? अशी ती पानं होती. मी बसमध्ये वाचायचे आणि मलकपेठेचा थांबा मागे पडायचा.

“हे सुचतं कुठून अक्का?”

“कचेरीतून. एक फाइल गहाळ झाली की माणूस कसा होतो, ते मी रोज खिडकीतून बघितलं की गं.”

तिची खरी गोष्ट तिनं खूप दिवसांनी सांगितली. सगळी नोकरी तिनं दुसऱ्यांची पत्रं पाठवली. इंग्रजीत आणि तेलुगूत. अधूनमधून उर्दूतले जुने कागद. स्वतःचं असं मराठीत तिनं कधी काही लिहिलं नव्हतं. मुहाफिज हे पहिलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खलनायकांचा गट चालवणं सोपं असेल, असं ज्यांना वाटतं त्यांनी चालवून बघावा. पहिली अडचण ही की प्रत्येकाला मुख्य व्हायचं असतं. वकिलांचं पहिलं लेखन मला अजून पाठ आहे: ‘मी येतो आणि सगळं शहर जाळतो.’ संपलं. अक्कानं विचारलं, “आणि सोमवारी काय करणार?”

दुसरी अडचण नायकांची. त्यांना काही म्हणता काही लागत नाही. नागपूरचा एक पहिलवान होता, त्याच्यावर आम्ही किती बाण सोडले असतील! प्रत्येक बाण त्याच्या कानाजवळून गेला. “अहो, कान तरी द्या एखादा,” वकिलांनी विनवलं. नाही दिला. आणि वर, हरायचं आम्हीच. ते तर खलनायकाचं कामच. पण हरण्याची तयारी करून कुणी गटात येत नाही. अक्का एकटी अशी होती की हरायची वेळ आली की तिचे डोळे चमकायचे. “समोरच्याला जिंकल्यासारखं वाटलं पाहिजे,” म्हणायची. “नुसतं आपण पडलो, त्यात काय मजा?” तिनं एकदा मुहाफिजाला एका कुंभारणीकडून हरवलं होतं. आपलं घर शोधत तो तीन गल्ल्या फिरला, कारण चुकून त्यानं स्वतःच्याच गल्लीचं नाव काढलं होतं. इंदूरच्या ज्या बाईंची ती कुंभारीण, त्यांनी तो भाग छापून घरात लावल्याचं कळवलं होतं.

आणि काही लोक गटात येत ते दुष्टपणा करायला मिळेल म्हणून, खराखुरा. एकानं गोष्टीच्या बाहेर एका मुलीला भलतंसलतं लिहिलं. अक्कानं त्याला त्याच दुपारी घालवला. मी म्हटलं, एक संधी देऊ या का. ती म्हणाली, “हौली झालीस का गं, खुळे? वाईटपणा कागदावर करायचा. माणसाशी नक्को.”

कंसाचा नियम आला तो घोडीवरून. नागपूरच्याच एका खेळाडूनं वर्षभर एक घोडी सांभाळली होती. तिला खरारा कसा केला, तिनं काय खाल्लं, सगळं लिहायचा. वकिलांनी एका ओळीत ती घोडी मारली. माणूस आठवडाभर आलाच नाही. अक्कानं वकिलांना पुढच्या रविवारी चहासुद्धा दिला नाही. मग तिनं ठरवलं: कुणाच्याही पात्राला, घराला, जनावराला धक्का लावायचा तर आधी त्या माणसाला विचारायचं. गोष्टीच्या बाहेरचं बोलणं खेळात दुहेरी कंसात लिहीत. म्हणून, आधी कंसात. (( तुमच्या गोठ्याला आग लावू का? )) असं विचारायचं, आणि समोरून (( हौ )), म्हणजे आमच्याकडचा हो, आल्याशिवाय एक काडी ओढायची नाही. बाहेरगावचे लोकही गमतीनं हौच लिहायला लागले. तो आमचा शिक्का झाला. आम्ही उतावीळ झालो की अक्का विचारायची, “हौ आला का? मग जावक कसं करताय?”

गटाचं नाव ‘कंसातले’ ठेवलं ते वकिलांनी. त्या शब्दाचा दुसरा अर्थ मराठी वाचकाला सांगायला नको. खलनायकांना याहून चांगलं नाव कुठे मिळणार? ते दिवसभर स्वतःवरच खूश होते.

ते रविवार मला आता फार आठवतात. टेबलाच्या काचेखाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका होती, वर्षानुवर्षं तीच. वेटर आम्हाला विचारायचाच नाही, तीन चहा ठेवायचा. अक्का माझं लेखन फोनवर वाचायची आणि कंसात लिहून पाठवायची: (( दीर्घ. )) समोर बसून! तोंडानं नाही सांगणार. मी पुढच्या चहाला तिचा सकिनालू पळवायचे. वकील एखादा डाव मांडायचे, अक्का त्यात भोक पाडायची, मी ते भोक बुजवायचे. तीन मोठी माणसं एका कुंभारणीला कसं घाबरवावं यावर दोन-दोन तास भांडायची. शेजारच्या टेबलावरच्या एका चाचांनी एकदा न राहवून विचारलं, “क्या बेटा, किसकू उठाने का प्लान है?” अक्का म्हणाली, “एक कुम्हारन कू.” चाचा टेबल बदलून बसले.

आता पुणेकर.

आमच्या घरी वरच्या मजल्यावर ते भाड्यानं राहायला आले. संगणक कंपनीत नोकरी, तिशीचे, एकटे. जिन्यात भेटले की अवघडायचे. दूधवाल्याशी, वॉचमनशी काय बोलावं ते कळायचं नाही. मीच त्यांना शहाणपण शिकवलं. “इथं हो-हो काय करता? हौ म्हणा. दुकानदार खूश होतात. माझ्या आईला ऐका फोनवर. हौ, हौ, हौ. अकरा वेळा म्हणते आणि कबूल एक गोष्ट करत नाही. हौ म्हणजे चालू द्या, ऐकतेय.”

हे मी म्हणाले होते. माझ्या तोंडानं. आणि ते खरंही आहे. आमच्याकडे तोंडातला हौ म्हणजे नुसता हुंकार असतो. पण कंसातला हौ म्हणजे शिक्का, हे मी त्यांना सांगितलं नाही. खेळात त्यांना मीच आणलं, कारण ते फार गप्प असायचे. त्यांनी घड्याळजीचं पात्र घेतलं. छोटं दुकान, डोळ्याला भिंग, एक तिवई जिचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली कॅलेंडरच्या कागदाची घडी. आम्हाला ते फार आवडलं. इतकं बारीक कुणी लिहीत नसे.

आणखी एक चूक माझीच. नायक मंडळी कुरकुरायची की कंसांमुळे गोष्ट वाचताना मध्येमध्ये अडायला होतं. मी लगेच मोहीम उघडली, दुसरं येतं काय मला! कंस झाकायची सोय द्या, अशी मागणी लावून धरली, सह्या गोळा केल्या, जिंकले. तेव्हापासून पानावर गोष्ट दिसायची, विचारणं झाकलेलं असायचं. एक बटण दाबलं की कंस उघडायचे. कोण दाबतो?

त्या आषाढात अक्का मुहाफिजाची गोष्ट संपवायला निघाली होती. शुक्रवारी दुपारी तिनं विचारलं: (( पुणेकर, मुहाफिज तुमच्या दुकानाची नोंद काढणार. दुकान कुणाला आठवणार नाही. करू का? )) उत्तर आलं: (( हौ )). तिनं ते पान लिहिलं. तसं पान तिनं आधी कधी लिहिलं नव्हतं. गिऱ्हाइकं घड्याळ घेऊन येतात आणि दुकानाच्या जागी भिंत असते. तिवई रस्त्यात पडलेली असते, एक पाय आखूड, आणि तो आखूड का, ते कुणाला सांगता येत नाही.

शनिवारी पुणेकरांनी चालकांकडे तक्रार केली. पानाचं छायाचित्र जोडलं. अर्थात कंस झाकलेले. रविवारी चार वाजून दहा मिनिटांनी चालकांनी अक्काला काढलं. एका शब्दानं विचारलं नाही. तिला नाही, आम्हाला नाही. एक बटण दाबून कंस उघडायचे होते, तेवढं केलं नाही. आणि सदस्य काढला की त्याचं सगळं लेखन पुसलं जातं, ही तिथली व्यवस्था. चार वर्षांचा मुहाफिज गेला. कंसातला प्रश्नसुद्धा गेला. मी कंस उघडून बघितले तर तिथे एकटा (( हौ )) उरला होता. कशाला हौ, ते आता कुणाला कळणार?

ढोल पुढे गेल्यावर अक्कानं फोन पिशवीत ठेवला. “चला, चहा गार झाला,” म्हणाली. आणि तो गार चहा सगळा प्याली.

मी काय केलं? घरी जाऊन पत्रक लिहिलं आणि खेळाच्या सार्वजनिक फलकावर टाकलं. ‘रडक्यांचं राज्य’ असा मथळा, जाड अक्षरात. चालकांना हुकूमशहा म्हटलं, पुणेकरांना रडके म्हटलं. वडिलांच्या नावानं रडतात, असंही लिहिलं, कारण चालकांनी तिथं लावलेल्या तक्रारीत ‘माझ्या वडिलांचं दुकान’ असे शब्द होते आणि ते मला नाटकी वाटले होते. दोन दिवसांत चालकांनी आमचा गटच बंद केला.

बुधवारी अक्काचा फोन आला.

“ते तू लिहिलंस?”

“मग? अन्याय झाला ना तुझ्यावर!”

“झाला. तू त्याला विचारलंस का?”

“काय विचारायचंय त्याला?”

“आधी कंसात, हा नियम कुणासाठी होता गं? फक्त गोठ्यांसाठी?”

तिनं फोन ठेवला. अक्का कधी असा फोन ठेवायची नाही.

मी वर गेले. चौदा पायऱ्या आहेत, लहानपणापासून चढते, त्या दिवशी लांब वाटल्या. पुणेकरांनी दार उघडलं आणि ते बाजूला झाले.

“तुम्ही हौ लिहिलं होतं,” मी म्हटलं. उभ्यानंच.

“लिहिलं होतं.”

“हौ म्हणजे हो.”

“हौ म्हणजे चालू द्या, ऐकतोय. तुम्हीच सांगितलं होतं जिन्यात. तुमच्या आईचे अकरा हौ.” ते आवाज न चढवता बोलत होते. “मी मीटिंगमध्ये होतो, फोन टेबलाखाली. म्हटलं, वाचलं असं कळवू, घरी जाऊन नीट उत्तर देऊ. घरी आलो तर दुकान गेलेलं.”

मग त्यांनी खणातून एक भिंग काढलं. डोळ्याला लावायचं, कडेचा काळा रंग उडालेलं. वडील पुण्यात एका पेठेत घड्याळं दुरुस्त करत. चैत्रात गेले. दुकान मालकानं महिनाभरात परत घेतलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. तिवई ठेवायला यांच्याकडे जागा नव्हती.

“आमच्या लोकांना विचारलं, तिवई कुठं गेली, तर कुणाला आठवत नाही,” ते म्हणाले. “आणि मग तुमच्या अक्कांनी तेच लिहिलं.”

माझ्याकडे पत्रकाची भाषा होती, आणि तिच्यात या प्रसंगाला एक शब्द नव्हता. मी रडके शब्दाबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, “हौ.” मग त्यांच्याच लक्षात आलं आणि आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो.

पुढच्या रविवारी मी त्यांना नारायणगुड्याला नेलं. वकील तोंड फुगवून बसले होते. अक्कानं डबा पुढे सरकवला.

“बसा पुणेकर. दात चांगले आहेत ना?”

“मी तक्रार मागे घेतली,” ते घाईघाईनं म्हणाले. “त्यांना लिहिलं की गैरसमज झाला. त्यांचं म्हणणं, तुम्ही नव्या नावानं परत येऊ शकता. पण पुसलेलं लेखन परत आणता येत नाही.”

“जावक झालेलं पत्र परत येत नाही हो. मला नका सांगू ते.” मग तिनं डब्याचं झाकण बाजूला ठेवलं. “माझंही चुकलं. नवीन माणूस तुम्ही. एवढ्या मोठ्या गोष्टीला एका हौवर जायला नको होतं. फोन करून विचारायला पाहिजे होतं.”

“पण ते चांगलं होतं,” पुणेकर म्हणाले. “म्हणून तर… ते वाईट लिहिलेलं असतं तर मला काही झालं नसतं.”

“दुकान परत येणार होतं.”

“काय?”

“शेवटी मुहाफिज वहीतून स्वतःचं नाव काढतो. त्यानं काढलेलं जे-जे काही, ते सगळं मग परत येतं. पहिलं तुमचं दुकान. तिवईसकट. लिहिलं होतं मी. रविवारी सकाळी टाकलं.”

“रविवारी मी उघडलंच नाही,” पुणेकर म्हणाले.

मीही उघडलं नव्हतं. त्या सकाळी मी थांब्यावर पत्रकं वाटत होते. म्हटलं, दुपारी निवांत वाचू. वकील घरच्या बोनालूत अडकले होते. म्हणजे ज्यांच्यासाठी ते पान होतं, त्यांच्यापैकी एकानंही ते वाचलं नाही. चमचे आपापल्या बशीत होते.

“परत लिही ना अक्का,” शेवटी मी म्हटलं.

“बघितलं करून. होत नाही. आधी फोनवर एका बैठकीत लिहून गेले होते. आता लिहिलं की अर्ज केल्यासारखं होतं.”

मग पुणेकरांनी भिंतीचं पान म्हणायला सुरुवात केली. पाठ झालं होतं त्यांना, दुखलं होतं म्हणून. अक्कानं वर्तमानपत्राच्या कडेला ते उतरवून घेतलं. स्वतःचंच लेखन ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकून लिहीत होती, आणि मध्येच म्हणाली, “इथं स्वल्पविराम होता.” आमचा संग्रह त्या दिवशी सुरू झाला.

तेव्हापासून आम्ही मागत फिरतोय. इंदूरच्या बाईंनी भिंतीवरची कुंभारीण काढून तिचा फोटो पाठवला. नागपूरच्या घोडीवाल्यानं, हो, त्यानंच, कुठेतरी साठवून ठेवलेली बरीच पानं पाठवली, आणि खाली लिहिलं, ‘शहरात आता काही घडत नाही. पहिलवान सकाळी उठतो, चहा पितो, झोपतो. वाईट माणसं परत पाठवा.’ चालकांनी चूक कबूल केलेली नाही. सध्या तिथं खेळाडू हवापाण्याबद्दल लिहितात. अक्काला त्यांनी नवं नाव देऊ केलं होतं, ती गेली नाही. “मागचं काही नसलेला मुहाफिज काय मुहाफिज?” म्हणाली. पानं तिनं वहीत उतरवलीत, शाईच्या पेनानं, प्रत्येकावर जावक क्रमांक. रविवारी आम्ही आता चौघं असतो. वेटर विचारत नाही, चार चहा ठेवतो. पुणेकर कधीकधी वडिलांचं भिंग घेऊन येतात आणि अक्का ते डोळ्याला लावून माझ्या चुका शोधते, कारण चष्मा ती अजूनही विसरते.

वहीत शेवटची जागा रिकामी आहे. क्रमांक घालून ठेवलाय, पान नाही. बाकीचं गेलं तर गेलं, असं ती म्हणते. ते एक पान तिला हवंय. पुणेकरांना हवंय. त्यात त्यांच्या वडिलांचं दुकान उघडतं.

म्हणून तुम्हाला विचारते. त्या रविवारी, सकाळपासून चार वाजून दहा मिनिटांपर्यंत, तुम्ही त्या शहरात होतात का? ते पान तुम्ही उघडलं असेल. आवडून त्याचा फोटो काढला असेल, बहिणीला पाठवलं असेल, पुढे वाचू म्हणून ठेवून दिलं असेल. तुमचा तेव्हाचा फोन कपाटात पडला असेल. तो काढा. चार्जिंगला लावा. शोधा. ‘वाचलं, छान आहे’ असं मला कळवू नका, हुंकार मी खूप ऐकलेत. खेळाच्या सार्वजनिक फलकावर अक्काच्या पानासाठी मी धागा उघडा ठेवलाय. ते पान तिला परत द्या. पण एकदम टाकू नका. आधी तिला विचारा, कंसात. तिचा हौ आला की मगच पाठवा.